हॉटेलचं बिल वाचायचं कसं? सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि पाण्याच्या बाटलीचं गणित

बाबांच्या निवृत्तीचं जेवण होतं. पुण्यातलं बऱ्यापैकी नावाजलेलं हॉटेल, आम्ही घरचे चौदा जण. जेवण झालं, फोटो झाले, बडीशेपेच्या वाटीसोबत बिल आलं. जीएसटीच्या वर एक ओळ होती, ‘एस. सी. १० टक्के’. मी वेटरदादांना विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, “मॅडम, ते सगळ्यांनाच लागतं.” मी पुढे काही बोलणार तेवढ्यात शेजारी बसलेले काका हळूच म्हणाले, “जाऊ दे गं, आजच्या दिवशी वाद नको.”

बिल भरलं. घरी येताना रिक्षात बाबांनी विचारलं, “ते एस. सी. म्हणजे सरकारी टॅक्स होता ना?”

नव्हता. तो सर्व्हिस चार्ज होता. तो देणं पूर्णपणे आमच्या मर्जीवर होतं आणि आम्हाला तसं कोणी सांगितलं नाही.

बाहेर जेवायला जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत हे कधी ना कधी होतं. कुठे गप्प बसून पैसे देतो, तर कुठे नको त्या गोष्टीवरून कॅप्टनशी भांडतो आणि नंतर कळतं की नियम हॉटेलच्या बाजूने होता. म्हणून बिलातली कुठली ओळ कोणाची, हे एकदा नीट समजून घेऊया.

बिलात तीन प्रकारचे पैसे असतात

पहिला प्रकार हॉटेलवाल्याने ठरवलेल्या किमतीचा. पनीर टिक्का २०० ला विकायचा की ४५० ला, हे तो ठरवतो. दुसरा प्रकार सरकारने ठरवलेल्या कराचा. त्यात हॉटेलला कमी-जास्त करता येत नाही आणि तुम्हालाही नाही म्हणता येत नाही. तिसरा प्रकार तुम्ही ठरवायच्या पैशांचा, म्हणजे टिप आणि सर्व्हिस चार्ज.

गोंधळ होतो तो तिसऱ्या प्रकारचे पैसे दुसऱ्या प्रकारासारखे दिसायला लागतात तेव्हा. उदाहरणासाठी एक बिल मांडून बघू. सहा मित्रमैत्रिणी जेवायला गेलेत.

जेवण: २,८०० रुपये
पाण्याच्या बाटल्या, २ नग, प्रत्येकी ४० रुपये: ८० रुपये
एकूण: २,८८० रुपये
सर्व्हिस चार्ज १० टक्के: २८८ रुपये
करपात्र रक्कम: ३,१६८ रुपये
सीजीएसटी २.५ टक्के: ७९.२० रुपये
एसजीएसटी २.५ टक्के: ७९.२० रुपये
भरायची रक्कम: ३,३२६.४० रुपये

आता सर्व्हिस चार्जची ओळ काढून टाका. २,८८० रुपयांवर ५ टक्के जीएसटी होतो १४४ रुपये. भरायची रक्कम येते ३,०२४ रुपये. फरक पडला ३०२.४० रुपयांचा. म्हणजे सर्व्हिस चार्जचे २८८ रुपये तर गेलेच, शिवाय त्या चार्जवर १४.४० रुपये जीएसटीही गेला. टीटीएमएम केलं तर प्रत्येकी जवळपास ५० रुपये. आकडा छोटा वाटतो म्हणूनच कोणी बोलत नाही. पण चौदा जणांच्या घरगुती जेवणात हाच आकडा सहज हजाराच्या घरात जातो.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. तो ऐच्छिक आहे.

४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातले मुख्य मुद्दे असे:

– हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही.
– दुसरं कुठलं नाव देऊनही तो वसूल करायचा नाही.
– ग्राहकावर सक्ती करायची नाही. तो ऐच्छिक आहे हे स्पष्ट सांगायचं.
– चार्ज देणार नाही म्हणून कोणाला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही.
– जेवणाच्या बिलात मिळवून त्या एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही.

शेवटचा मुद्दा वरच्या नमुना बिलाशी ताडून बघा. तिथे नेमकं हेच झालंय.

या सूचनांविरुद्ध नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया आणि हॉटेल व रेस्टॉरंट मालकांचा देशपातळीवरचा महासंघ दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२२ मध्येच सूचनांना स्थगिती मिळाली आणि जवळपास पावणेतीन वर्षं प्रकरण तसंच राहिलं. ‘कोर्टाने परवानगी दिली आहे’ हे उत्तर तुम्ही हॉटेलांत ऐकलं असेल, तर ते याच काळातलं.

२८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने संघटनांच्या याचिका फेटाळल्या, मार्गदर्शक सूचना वैध ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंडवजा खर्च भरायला सांगितला. सक्तीने सर्व्हिस चार्ज घेणं ग्राहकहिताच्या विरोधात आहे, असं न्यायालयाने म्हटलं. स्वखुशीने टिप देण्यावर मात्र कसलंही बंधन आणलं नाही.

संघटनांनी या निकालाला खंडपीठापुढे आव्हान दिलं. ऑगस्ट २०२५ मधल्या सुनावणीत खंडपीठानेही त्यांना एक साधा प्रश्न विचारला: वातावरण आणि अनुभव यासाठी तुम्ही पदार्थाची आणि पाण्याची किंमत आधीच वाढवून घेता, मग सेवेचे पैसे पुन्हा वेगळे कशासाठी?

वडीलधाऱ्यांना तो टॅक्स का वाटतो?

बाबांचा गैरसमज हवेतून आलेला नव्हता. ३० जून २०१७ पर्यंत एसी हॉटेलच्या बिलावर खरोखरच ‘सर्व्हिस टॅक्स’ नावाचा केंद्र सरकारचा कर असायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो कर संपला. पण डोक्यात शब्द राहिला. ‘सर्व्हिस’ असं काही दिसलं की अनेकांना तो जुना टॅक्सच वाटतो. त्यात ‘एस. सी.’सारखं आखूड नाव असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

लक्षात ठेवायला सोपं सूत्र असं: जेवणाच्या बिलात कर म्हणून फक्त सीजीएसटी आणि एसजीएसटी येतात. दारू असेल तर व्हॅट. बाकी कुठलीही टक्केवारी दिसली तर ती काय आहे, हे विचारायला हरकत नाही.

पण मग वेटरचं नुकसान होत नाही का?

हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. दिवसभर उभं राहून, गिऱ्हाइकांचा राग झेलून काम करणाऱ्या माणसाला चार पैसे जास्त मिळावेत, असं कोणालाही वाटेल.

हॉटेलवाल्यांचा युक्तिवादही असा आहे की टिप फक्त टेबलावर येणाऱ्या वेटरला मिळते, तर सर्व्हिस चार्ज स्वयंपाकघरातल्या, भांडी घासणाऱ्या माणसांपर्यंत वाटता येतो. काही ठिकाणी तसा तो वाटलाही जात असेल. अडचण एवढीच की ग्राहक म्हणून तुम्हाला ते तपासता येत नाही. सर्व्हिस चार्ज आधी हॉटेलच्या खात्यात जमा होतो. पुढे त्याचं काय होतं, हे बिलावर लिहिलेलं नसतं.

टिपचं तसं नाही. सेवा आवडली तर टिप थेट त्या माणसाच्या हातात द्या. आता रोख जवळ नसते, पण अनेक वेटर स्वतःचा यूपीआय क्यूआर दाखवतात. आणि सर्व्हिस चार्ज स्वखुशीने द्यावासा वाटला तर जरूर द्या. फक्त मग वर वेगळी टिप ठेवताना आपण दोनदा देतोय, हे माहीत असू द्या.

जीएसटी ५ टक्के की १८ टक्के?

जीएसटी आला तेव्हा बिगर-एसी हॉटेलला १२ टक्के आणि एसी हॉटेलला १८ टक्के दर होता. त्यामुळे खाली साधा विभाग, वर एसी विभाग अशा हॉटेलांत लोक दर विचारून जिना चढायचे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो भेद संपला. आता नेहमीच्या हॉटेलात एसी असो वा नसो, दर ५ टक्के आहे. त्यातले २.५ टक्के केंद्राचे, २.५ टक्के राज्याचे. या ५ टक्क्यांच्या बदल्यात हॉटेलला स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही.

मग १८ टक्के कुठे? आपण मराठीत खानावळीपासून पंचतारांकितपर्यंत सगळ्यालाच ‘हॉटेल’ म्हणतो, पण कायद्यात राहण्याचं हॉटेल आणि जेवण्याचं रेस्टॉरंट यांत फरक आहे. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं, त्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागतो. १ एप्रिल २०२५ पासून यासाठी जाहीर केलेल्या दराऐवजी आधीच्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष आकारलेलं भाडं बघितलं जातं.

तुम्ही तिथे मुक्काम करताय की नाही, याचा संबंध नाही. मैत्रिणीला भेटायला अशा हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये गेलात आणि फक्त एक कॉफी प्यायलात, तरी १८ टक्केच. ती फसवणूक नाही. पण कोपऱ्यावरच्या साध्या रेस्टॉरंटने, ज्याच्या आवारात खोल्याच नाहीत, १८ टक्के लावले तर नक्की विचारा.

काही हॉटेलांना जीएसटी घेताच येत नाही

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. वर्षाला दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेलं आणि दारू न विकणारं रेस्टॉरंट ‘कंपोझिशन’ योजनेत जाऊ शकतं. असं रेस्टॉरंट आपल्या उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतं. ग्राहकाच्या बिलात तो वेगळा लावायची त्याला परवानगी नाही. बिलावर आणि दुकानातल्या पाटीवर ‘कंपोझिशन करदाता’ असल्याचं लिहिणं त्याला बंधनकारक आहे.

वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या हॉटेलला सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही. नोंदणी नाही तर जीएसटी घ्यायचा प्रश्नच येत नाही.

हे तपासायचं कसं? बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या हॉटेलचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये तो टाकला की नोंदणी चालू आहे का आणि करदाता नियमित आहे की कंपोझिशनवाला, हे लॉगिन न करता दिसतं. बिलात जीएसटी लावलाय पण क्रमांकच छापलेला नाही, असं असेल तर तिथेच थांबा आणि विचारा.

दारूवर जीएसटी लागत नाही

माणसांनी प्यायची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि तो राज्यागणिक वेगळा असतो. त्यामुळे परमिट रूममधल्या बिलात जेवण आणि दारू यांची बेरीज वेगवेगळी दिसायला हवी: जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट. एकाच बेरजेवर दोन्ही कर लावलेले दिसले, तर बिल दुरुस्त करून मागा. बिअर आणि चिकन एकाच ओळीखाली आलं असेल तर ही चूक सहज नजरेतून सुटते.

२० रुपयांची बाटली ४० ला दिली, तर तक्रार करता येते?

इथे बहुतेक जण हरतात. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेणं बेकायदा आहे, हे दुकानासाठी खरं आहे. हॉटेलात बसून जेवताना मात्र चित्र वेगळं आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हॉटेल आणि रेस्टॉरंट बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दराने देऊ शकतात. कारण तिथे तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही. टेबल, बसण्याची जागा, आणून देणारा माणूस हे सगळं त्यात आलं. त्यामुळे वजनमापाच्या कायद्यातला एमआरपीचा नियम अशा व्यवहाराला लागू होत नाही. हाच निकाल जनरल स्टोअर किंवा टपरीवर चालत नाही, कारण तिथे सेवेचा भाग नसतो.

म्हणजे बाटलीवरून भांडण्यात अर्थ नाही. उपाय आधीच करायचा. बसल्या बसल्या “पाणी कुठलं देऊ, बिसलेरी?” असं विचारलं जातं आणि आपण मान हलवतो. त्याऐवजी “साधं पाणी द्या” म्हणा. न विचारता बाटली उघडून ठेवत असतील तर उघडण्याआधी थांबवा.

मेनूवर किंमतच नाही: ‘एपीएस’

मालवणी खानावळीत किंवा गोव्यातल्या रेस्टॉरंटमध्ये पापलेट, सुरमई, खेकडा यांच्यापुढे आकड्याच्या जागी ‘एपीएस’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, आकारानुसार दर. मासळीचा भाव रोज बदलतो, त्यामुळे ही पद्धत चुकीची नाही. पण नेमका आकडा बिल आल्यावरच कळला, तर सगळ्यांची तोंडं उतरतात.

ऑर्डर देताना मासा दाखवायला सांगा आणि “याचे किती होतील?” हे तिथेच विचारा. मालवणात काय किंवा मुंबईत काय, हा प्रश्न कोणाला विचित्र वाटत नाही. पाहुण्यांना घेऊन गेला असाल तर उठून काउंटरवर जाऊन विचारा.

बिल हातात आल्यावर काय बघायचं?

एक: मागवलेले पदार्थ आणि नग. मोठ्या टेबलावर रोट्या आणि स्टार्टर यांची संख्या सर्वात जास्त चुकते.

दोन: पदार्थांची बेरीज आणि कराची टक्केवारी यांच्या मधली ओळ. सर्व्हिस चार्ज तिथेच असतो.

तीन: जीएसटीचा दर आणि क्रमांक.

चार: अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. २०२२ च्या सुरुवातीपासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. जेवण बाधलं तर तक्रार करताना हाच क्रमांक लागतो.

पाच: छापील बिल. कागदावर आकडा लिहून दिला किंवा नुसता क्यूआर पुढे केला तर पक्कं बिल मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला तर?

आधी शांतपणे मॅनेजरला सांगा: “सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, आम्हाला द्यायचा नाही, बिल बदलून द्या.” वेटरशी बोलून उपयोग नसतो. बिल बदलायचा अधिकार त्याच्याकडे नसतो आणि बोलणी मात्र त्यालाच खावी लागतात.

मॅनेजरने ऐकलं नाही तर पैसे भरा, पण बिलाचा आणि पेमेंटचा फोटो काढून ठेवा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. त्यापुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ऑनलाइन तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गोव्यात फिरायला गेला होता आणि राहता नाशिकला, तर नाशिकलाही चालतं.

सगळ्यात सोपा उपाय: आधी विचारा

बिल येतं तेव्हा पाहुणे समोर असतात, कोणाचा तरी वाढदिवस असतो, कोणीतरी पाकीट काढून “आज मी देतो” म्हणत असतं. त्या क्षणी नियम आठवले तरी तोंडातून शब्द निघत नाही. काका मला गप्प बसवत होते तेही त्यामुळेच. चारचौघांत पैशावरून बोलणं आपल्याकडे बरं दिसत नाही आणि त्या दिवशी त्यांना बाबांचा मूड सांभाळायचा होता.

म्हणून आता आमच्या घरात पद्धत बदलली आहे. टेबल बुक करतानाच फोनवर दोन प्रश्न विचारायचे: सर्व्हिस चार्ज लावता का, आणि नको असेल तर बिलात न धरता द्याल का? समोरचा हो म्हणाला तर प्रश्न मिटला. आढेवेढे घेतले तर दुसरं हॉटेल शोधायला वेळ असतो.

गेल्या महिन्यात आईच्या वाढदिवसाला फोन मी करणार होते. त्याआधीच बाबांनी केला होता.